बाथरूममध्ये सापडणारा गांडुळासारखा साप : वाळ्याचे वर्तन आणि जीवन

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : पावसाळा सुरू झाल्यापासून तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये जाळीजवळ तीन वेळा एक काळपट, चकचकीत, जाड दोऱ्यासारखा जीव सापडला. गांडूळ समजून काडीने हलवल्यावर तो सापासारखा वळवळत पळाला आणि त्याचे तोंड कोणते, शेपूट कोणते हेही कळेना. घरात लहान मूल आहे. हे एखाद्या विषारी सापाचे पिल्लू असेल का, त्याची आई जवळपास असेल का, आणि त्याचा बंदोबस्त कसा करावा?

वर्णन वाचून हा वाळा असावा याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. वाळा पूर्णपणे बिनविषारी आहे, त्याचे तोंड इतके लहान असते की तो माणसाला चावूच शकत नाही, आणि तुम्हाला सापडलेला जीव दुसऱ्या कोणत्या सापाचे पिल्लू नसून बहुधा वयात आलेली मादी आहे. मादी असे मी अंदाजाने लिहिलेले नाही, त्याचे कारण पुढे येईलच. मात्र माझा हा निष्कर्ष वर्णनावर बेतलेला आहे, आणि साप ओळखण्याच्या व सुरक्षित जागी सोडण्याच्या कामात वीसेक वर्षे घालवल्यावर मी एक नियम कटाक्षाने पाळतो : स्वतः नीट पाहून ओळख पटल्याशिवाय कोणत्याही बारीक सापाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. म्हणून आधी ओळखीच्या खुणा सविस्तर सांगतो.

वाळ्याची लांबी बहुतेक वेळा 10 ते 15 सेंटीमीटर भरते, क्वचित ती 20 सेंटीमीटरच्या जवळ जाते. जाडी आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जास्त असते आणि डोक्यापासून शेपटापर्यंत ती जवळजवळ सारखीच राहते. रंग गडद तपकिरी, काळा किंवा जांभळट काळा असतो, पोटाकडे तो थोडा फिकट होतो, आणि कात टाकण्याची वेळ आली की संपूर्ण शरीरावर निळसर राखाडी छटा येते, त्यामुळे तोच साप आठवड्याभराने वेगळ्या जातीचा वाटू शकतो. मान नसते, डोके शरीरापेक्षा रुंद नसते आणि शेपूट अतिशय आखूड असते, त्यामुळे दोन्ही टोके सारखी दिसतात. गांडुळापासून तो वेगळा ओळखायचा असेल तर हालचाल पाहावी. गांडूळ ताणून लांब होते व आकसून जाड होते. वाळ्याला पाठीचा कणा असल्यामुळे त्याची लांबी बदलत नाही आणि तो डावी-उजवीकडे वळणे घेत झपाट्याने सरकतो. गांडुळाच्या अंगावर कडी असतात व ते बुळबुळीत लागते, तर वाळ्याचे अंग कोरडे, खवलेदार आणि पॉलिश केल्यासारखे चमकते. भिंग हाताशी असेल तर आणखी एक खूण दिसेल : बहुतेक सापांच्या पोटाखाली आडव्या रुंद पट्ट्यांसारखे खवले असतात, वाळ्याच्या मात्र पाठीवरचे आणि पोटावरचे खवले एकाच आकाराचे असतात आणि अंगाभोवती मोजल्यास त्यांच्या 20 ओळी भरतात. शक्य असेल तर अंतर राखून, शेजारी एखादे नाणे ठेवून, डोक्याच्या आणि शेपटीच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढावा. जाणकाराला तेवढ्यावरून नक्की सांगता येते.

या खुणांवर मी इतका वेळ घालवतो आहे कारण घोटाळा होण्याजोगा एक विषारी साप खरोखरच आहे. पोवळा हाही सुतळीसारखा बारीक असतो आणि मातीत, दगडाखाली, पाचोळ्यात राहतो. त्याची लांबी बहुधा 30 सेंटीमीटरच्या आसपास असते, अंग फिकट तपकिरी असते, डोके व मान काळी असून त्यांवर पिवळसर ठिपके असतात, शेपटीवर दोन काळी कडी असतात आणि पोट लालसर असते. डिवचल्यास तो शेपूट वर उचलून वेटोळी करतो व तिची निळसर खालची बाजू दाखवतो. एकसारखा काळपट रंग, ठिपके नाहीत, कडी नाहीत, अंगावर पट्टे नाहीत आणि लांबी वीतभराहून कमी, एवढे सगळे जुळले तरच वाळा म्हणावे. मण्यारीची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लेसुद्धा पूर्ण वाढलेल्या वाळ्यापेक्षा लांब असतात व त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. कवड्याच्या पिल्लाचे डोळे ठळक दिसतात आणि त्याच्याही अंगावर पट्टे असतात. यांपैकी कशाशीही साम्य वाटले तर साप हाताळू नये आणि जवळच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावे. आणि ओळख न पटलेला कोणताही साप चावला असेल तर ओळख पटवण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

वाळा हातात धरलेले काही जण ठामपणे सांगतात की त्याने शेपटीने डंख मारला. त्यांचे सांगणे सर्वस्वी खोटे नसते. वाळ्याच्या शेपटीच्या टोकाला एक छोटासा टोकदार काटा असतो आणि पकडल्यावर तो हा काटा त्वचेवर दाबून सुटण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे किंचित टोचल्यासारखे होते. या काट्यात विष नसते आणि त्याने त्वचा फाटतही नाही. जमिनीखाली हा काटा वेगळ्याच कामाला येतो : शेपूट मातीत रोवून साप तिच्या आधारावर डोके पुढे रेटतो. पकडल्यावर तो गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रावही सोडतो. तोही निरुपद्रवी असतो, फक्त हात साबणाने धुवावे लागतात.

जमिनीखालच्या आयुष्याने या सापाचे शरीर कसे घडवले आहे ते पाहिले की त्याचे बरेचसे वागणे आपोआप उलगडते. अंधसर्पांच्या ज्या मोठ्या गटात वाळा येतो त्यात जगभरात 400 पेक्षा अधिक जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्याच बिळात राहणाऱ्या आहेत. वाळ्याचे डोळे खवल्यांखाली झाकलेले दोन काळे ठिपके असतात. त्यांना आकृती दिसत नाही, पण उजेड आणि अंधार यांतला फरक मात्र कळतो, आणि उजेड पडताच तो आडोसा शोधू लागतो. तुम्ही दिवा लावल्यावर त्याने केलेली धावपळ ही तुमच्यावरची चाल नव्हती, ती प्रकाशापासून केलेली पळापळ होती. कवटीची हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात आणि नाकाडावर एक मोठा गोलसर खवला असतो, त्यामुळे डोक्याने माती ढकलता येते. तोंड नाकाडाच्या खालच्या बाजूला मागे सरकलेले असते, म्हणून सरकताना त्यात माती जात नाही. अंगावरचे गुळगुळीत, एकमेकांवर घट्ट बसलेले खवले माती चिकटू देत नाहीत आणि मुंग्यांच्या चाव्यापासूनही त्याचे रक्षण करतात. तरीही कडक जमीन स्वतः पोखरून काढण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. तो भुसभुशीत मातीतून, मुळांलगतच्या पोकळ्यांतून, जमिनीच्या भेगांतून आणि मुंग्या-वाळवीने आधीच करून ठेवलेल्या बोगद्यांतून फिरतो.

त्याच्या आहाराकडे मी मुद्दाम अधिक लक्ष देतो, कारण हा साप कुठे सापडेल आणि कुठे सापडणार नाही हे त्यावरूनच ठरते. वाळा मुंग्यांची अंडी, अळ्या आणि कोष खातो, तसेच वाळवी खातो. मोठे साप एकच मोठे भक्ष्य गिळून कित्येक दिवस स्वस्थ पडून राहतात. वाळ्याची रीत उलटी आहे : एखादे वारूळ किंवा मुंग्यांचे घर सापडले की तो एका बैठकीत कितीतरी लहान लहान भक्ष्ये भराभर गिळतो आणि निघून जातो. त्यासाठी त्याच्या जबड्याची रचनाही निराळी आहे. दात फक्त वरच्या जबड्यात असतात, आणि ज्या हाडावर ते असतात ते पुढे-मागे झटकन फिरू शकते, त्यामुळे दाताळ्याने पालापाचोळा ओढावा तसे हे दात भक्ष्याला घशाकडे खेचतात. ही हालचाल सेकंदाला कित्येक वेळा होते. वेगाची गरज उघड आहे, कारण जेवण ज्या घरात चालले आहे त्या घराचे रक्षक सैनिक चारही बाजूंनी अंगावर येत असतात.

वाळवी खाण्याची त्याची एक तऱ्हा तर विशेष आहे. वाळवीचे डोके कठीण असते आणि ते पचत नाही. वाळा अनेकदा वाळवी मागच्या बाजूने गिळू लागतो आणि डोके तोंडाबाहेर राहिले असताना ते जमिनीवर घासून तोडून टाकतो, मग मऊ शरीर तेवढे गिळतो. प्रत्येक वेळी तो असे करतोच असे नाही, पुष्कळदा सबंध वाळवीही गिळतो आणि मग डोकी विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडतात. हात-पाय नसलेला, जवळजवळ आंधळा, इतक्या लहान तोंडाचा प्राणी आपल्या अन्नातला निरुपयोगी भाग वेगळा काढतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

वारुळापर्यंतची वाट तो वासाने काढतो. त्याची नखाच्या कडेएवढी जीभ सतत आत-बाहेर होत असते. मुंग्या चालताना मागे ठेवतात त्या गंधरेषेचा माग अंधसर्प काढू शकतात, हे या गटातील इतर जातींवर झालेल्या प्रयोगांतून दिसून आले आहे. मी स्वतः एकदा पावसानंतरच्या रात्री लाल कागद लावलेल्या मंद विजेरीच्या उजेडात एका वाळ्याला पायरीच्या कडेने मुंग्यांच्या रांगेलगत सरकताना बराच वेळ पाहिले. रांग जिथे फरशीच्या फटीत शिरत होती तिथेच तोही शिरला आणि सुमारे वीस मिनिटांनी त्याच फटीतून बाहेर आला. पांढरा उजेड टाकला असता तर यातले काहीच दिसले नसते.

आता मादीविषयी. वाळ्याच्या या जातीत, म्हणजे इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या सापात, नर आढळत नाहीत. प्रत्येक साप मादी असतो आणि ती नराशी मीलन न होताच अंडी घालते. त्या अंड्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. या प्रकाराला अनिषेकजनन म्हणतात. अजगर किंवा इतर काही सापांमध्ये असा प्रकार एखाद्या मादीच्या बाबतीत अपवाद म्हणून घडल्याच्या नोंदी आहेत, परंतु संपूर्ण जातच अशा रीतीने चालते असा ज्ञात साप हा एकच. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि एकूण गुणसूत्रे 42 भरतात. मादी एका वेळी साधारण 2 ते 7 अंडी घालते. ती लांबट, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखी दिसतात आणि ओलसर मातीत, कुजक्या लाकडाखाली किंवा कुंडीच्या तळाशी मुळांच्या जाळ्यात सापडतात. निघणारी पिल्ले जेमतेम 5 सेंटीमीटरची, दोऱ्याएवढी बारीक, पण रूपाने आईसारखीच असतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची सोय स्वतः पाहतात. म्हणून 'आई जवळपास असेल का' या प्रश्नाला माझे उत्तर असे, की असली तरी ती एवढीच असेल, आणि पिल्लांची राखण करणे हा तिच्या स्वभावाचा भाग नाही.

या एकट्या मादीच्या सामर्थ्यामुळेच वाळा जगातल्या सर्वांत दूरवर पसरलेल्या सापांपैकी एक झाला आहे. भारतातून त्याचे पहिले चित्र पॅट्रिक रसेल यांच्या 1796 मधील ग्रंथात आले, आणि विशाखापट्टणमच्या त्या चित्राच्या आधारे 1803 मध्ये फ्रेंच निसर्गतज्ज्ञ दोदँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. मूळचा दक्षिण आशियाच्या परिसरातला हा साप रोपांच्या मुळांना लागलेल्या मातीबरोबर जहाजांतून आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत पोहोचला. हवाई बेटांवर त्याची पहिली नोंद 1930 मधील आहे, आणि तिथे कायम वस्ती करून राहिलेला जमिनीवरचा साप हा एकच आहे. इतर सापांना नव्या जागी वंश वाढवायला नर आणि मादी दोन्ही पोहोचावे लागतात, वाळ्याला एका कुंडीत लपलेली एक मादी, किंबहुना एक अंडेही पुरते. इंग्रजीत त्याला कुंडीतला साप अशा अर्थाचे नाव पडले आहे ते यामुळेच. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत वाळा दिसला तर तो भिंत चढून आला असे समजण्याआधी अलीकडे आणलेली रोपे व माती आठवून पाहावी.

तुमच्या बाथरूममध्ये तो येण्यामागे ऋतू आणि ओल ही दोन कारणे आहेत. जोराच्या पावसाने जमिनीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, तेव्हा बिळात राहणाऱ्या या सापाला वर यावे लागते. तळमजल्यावरच्या बाथरूमभोवतीची माती बारा महिने ओलसर राहते, फरशीखाली व नळाच्या खोबणीत मुंग्यांची घरे असतात, आणि जाळीच्या कडेची फट त्याला दरवाजासारखी उपयोगी पडते. तो रात्री बाहेर पडतो व उजाडताना गुळगुळीत फरशीवर अडकतो, कारण घासून पुढे सरकण्यासाठी त्याला खडबडीत आधार लागतो. तीन वेळा दिसलेले साप वेगवेगळे असण्याची शक्यता अधिक आहे, कारण अन्न आणि ओल असलेल्या एकाच जागी पुष्कळ माद्या राहू शकतात.

हा साप कानात शिरतो असा समज बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो आणि लहान मूल असलेल्या घरात तो मोठी भीती निर्माण करतो. इतक्या वर्षांत असे घडलेले एकही उदाहरण माझ्यासमोर आलेले नाही. वाळा ओल, अंधार आणि मुंग्यांच्या घराचा वास यांच्या मागे जातो. माणसाच्या कोरड्या, ऊबदार अंथरुणात त्याला हवे असे काहीच नसते. लहान मुलाने तो उचलला तर विषाची भीती नाही. मुलाचे हात धुवावेत, आणि मुलाला कोणताही साप उचलू नये हे शांतपणे सांगावे, कारण पुढच्या वेळचा बारीक साप वाळाच असेल याची खात्री नसते. मांजराने किंवा कोंबडीने वाळा खाल्ला तरी त्यांना काही होत नाही.

निसर्गात त्याला खाणारे पुष्कळ आहेत. मण्यार आणि पोवळा यांच्या आहारात अंधसर्प असतात, चिचुंदऱ्या, पक्षी, मोठ्या गोमा आणि भेक हेही त्याला पकडतात. पूर्व तिमोरमध्ये एका भेकाच्या पोटातून पचनमार्गाच्या दुसऱ्या टोकाने वाळा जिवंत बाहेर पडल्याची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली आहे, त्यावरून त्याच्या खवल्यांची चिवट बांधणी लक्षात यावी. त्याच्या अमेरिकेतील एका नातेवाइकाची हकीकतही सांगण्यासारखी आहे. टेक्ससमध्ये एक लहान घुबड तिथल्या अंधसर्पांना जिवंतच आपल्या ढोलीत आणते, त्यांपैकी काही घरट्याच्या तळाशी राहून किड्यांच्या अळ्या खातात, आणि असे साप असलेल्या घरट्यांतली पिल्ले अधिक वेगाने वाढतात व कमी दगावतात असे 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

आता बंदोबस्ताविषयी. वर सांगितलेल्या खुणांवरून वाळा आहे याची खात्री झाली की एक ओलसर जाड कागद त्याच्यापुढे धरावा, मऊ झाडूने त्याला त्यावर हळूच सरकवावे आणि मूठभर ओली माती घातलेल्या भांड्यात ठेवावे. सुरुवातीच्या काळात मी असाच एक वाळा कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून दुपारभर ठेवला होता. संध्याकाळी सोडायला गेलो तेव्हा तो वाळून मेला होता, आणि ती चूक मी विसरलेलो नाही. इतक्या लहान शरीरातील पाणी फार लवकर उडते, म्हणून ओली माती आणि सावली या दोन गोष्टी आधी. त्यानंतर शक्य तितक्या लवकर, ऊन नसताना, घराजवळच्याच झाडाखाली पाचोळा बाजूला करून त्याला सोडावे. दूर नेऊन सोडण्याची गरज नाही, आणि दुसऱ्या गावी किंवा बेटावर तर मुळीच सोडू नये.

फिनेल, रॉकेल, गरम पाणी किंवा कीटकनाशक ओतू नये. त्याने समोरचा एक साप तळमळून मरतो, पण मातीतले बाकीचे तिथेच राहतात आणि ओल व मुंग्याही तशाच राहतात. त्याऐवजी जाळीवर बारीक छिद्रांची दुसरी जाळी बसवावी, तिच्या कडेची आणि फरशी व भिंत मिळते तिथली फट सिमेंटने बुजवावी, गळका नळ दुरुस्त करावा, रात्री फरशी पुसून कोरडी ठेवावी. भिंतीला लागून ठेवलेल्या कुंड्या, विटा, ओली पोती हातभर दूर सरकवावीत. लाकडी चौकटीला वाळवी लागली असेल तर तिचा उपाय आधी करावा, कारण वाळा तिच्यासाठीच येत असण्याची शक्यता मोठी आहे. कुंडीत वाळे सापडले तर त्यांना तिथेच राहू द्यावे : ते मुळे खात नाहीत, झाडाला अपाय करत नाहीत आणि मातीतली मुंग्यांची व वाळवीची पिलावळ कमी करतात.

मुलाला दाखवण्यासाठी तो बरणीत पाळावा का, असेही मला अनेकदा विचारले जाते, म्हणून तेही लिहून ठेवतो. पाळू नये. मुंग्यांची ताजी अंडी-अळी रोजच्या रोज पुरवणे घरात जमत नाही आणि साप उपाशी मरतो. मुलाला दाखवायचाच असेल तर सोडण्याआधी काचेच्या भांड्यात ओल्या मातीवर दोन मिनिटे ठेवून भिंगातून त्याचे डोळ्यांचे ठिपके आणि लवलवणारी जीभ दाखवावी, आणि मग मुलाच्या समोरच पाचोळ्यात सोडावा. तो मातीत नाहीसा व्हायला काही क्षणच लागतात.